युद्धपूर्व जपानमधील प्रयोगशील छायाचित्रकाराचे चरित्र कसे लिहावे

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जपानमध्ये, विशेषतः १९३० नंतरच्या दहा-बारा वर्षांत, छायाचित्रणात जे धाडसी प्रयोग झाले, त्यांतील चित्रे आज जपानमधील आणि बाहेरील संग्रहालयांत मानाने मांडली जातात. ती काढणाऱ्या माणसांविषयी मात्र मराठीत वाचायला फारसे मिळत नाही. अशा एखाद्या छायाचित्रकाराचे चरित्र, मग ते दीर्घ लेखाच्या रूपात असो वा पुस्तकाच्या, मराठीत लिहू इच्छिणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरण म्हणून प्रामुख्याने ओसाकाचे यासुई नाकाजी यांचे आयुष्य घेतले आहे. गरज पडेल तिथे त्यांच्या समकालीनांकडे वळलो आहे. माझे मुख्य सांगणे असे की, या पिढीतील छायाचित्रकाराचे चरित्र त्याच्या मनाच्या घालमेलीपासून सुरू करू नये. तारखा, त्याचा क्लब आणि प्रत्यक्ष प्रिंट या तीन गोष्टींपासून ते सुरू करावे, कारण भक्कम पुरावा तिथेच आहे, आणि त्या पिढीची प्रतिभाही बहुतांशी एकमेकांच्या सहवासातच घडलेली आहे.

माणूस निवडताना

निवड करताना कोण अधिक प्रसिद्ध आहे हे पाहण्यापेक्षा कोणाच्या मागे काय उरले आहे हे पाहावे. नाकायामा इवाता (१८९५–१९४९) यांनी तोक्यो कलाविद्यालयात छायाचित्रणाचे शिक्षण घेतले, न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ चालवला, पॅरिसमध्ये मुक्काम केला आणि १९२७ मध्ये मायदेशी परतल्यावर १९३० मध्ये सहकाऱ्यांसह आशिया कॅमेरा क्लब (हे आशिया म्हणजे खंड नव्हे, ओसाका व कोबे यांच्यामधले शहर) स्थापन केला. त्यांचे चरित्र लिहायचे तर तीन देशांतील कागदपत्रे धुंडाळावी लागतील. कोइशी कियोशी (१९०८–१९५७) यांच्याकडे ‘शोका शिनकेई’ हा १९३३ चा, जस्ताच्या पत्र्याचे वेष्टन असलेला छायाचित्रसंग्रह आहे, आणि १९३६ मध्ये त्यांनी छायाचित्रणाच्या नव्या तंत्रांवर लिहिलेले पुस्तकही आहे. म्हणजे डार्करूममध्ये त्यांनी काय केले हे त्यांच्याच शब्दांत वाचता येते. नागोयाचे यामामोतो कान्सुके (१९१४–१९८७) कवीही होते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत चित्रे आणि कविता यांना एकत्र वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. मियाझाकीहून आलेले एई-क्यू (१९११–१९६०) चित्रकलेतून छायाचित्रणाकडे वळले. कॅमेरा बाजूला ठेवून, प्रकाशसंवेदी कागदावर थेट आकृत्या मांडून केलेल्या त्यांच्या कामाचा ‘नेमुरी नो रियू’ हा संग्रह १९३६ मध्ये निघाला.

यासुई नाकाजी यांचा जन्म १५ डिसेंबर १९०३ रोजी ओसाकात झाला आणि १५ मार्च १९४२ रोजी कोबे येथे मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. घरचा व्यवसाय पाश्चात्त्य धर्तीच्या कागदाच्या व्यापाराचा होता. व्यापारी शाळेतील शिक्षण संपवून ते त्याच व्यवसायात गेले आणि छायाचित्रण अखेरपर्यंत हौस म्हणूनच केले. दोन दशकांच्या आत त्यांनी तैलरंजित, चित्रासारख्या भासणाऱ्या प्रिंटपासून थेट रस्त्यावरच्या छायाचित्रणापर्यंत, आणि जुळणीचित्रांपासून स्थिरवस्तूंच्या काव्यमय मांडणीपर्यंत इतका प्रवास केला की, त्या काळातील जपानी छायाचित्रणाची बहुतेक वळणे एका माणसाच्या कामात पाहायला मिळतात. नवख्या चरित्रलेखकाने त्यांच्यापासून सुरुवात करावी असे मला वाटते ते याच कारणाने.

आधी कालपट

पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी वर्षागणिक, जमल्यास महिन्यागणिक, कालपट तयार करावा. जपानी कागदपत्रांतील वर्षे सम्राटांच्या कारकिर्दीनुसार दिलेली असतात, म्हणून रूपांतराचा हिशेब पक्का असावा लागतो: मेजी वर्षात १८६७, ताइशो वर्षात १९११ आणि शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो. मेजी ३६ म्हणजे १९०३, ताइशो १४ म्हणजे १९२५ आणि शोवा ६ म्हणजे १९३१. १९२६ हे साल तेवढे सांभाळून वापरावे, कारण २५ डिसेंबरला ताइशो कारकीर्द संपून शोवाचे पहिले वर्ष सुरू झाले, आणि ते अवघे आठवडाभर टिकले.

वयाच्या बाबतीत याहून मोठा घोटाळा संभवतो. त्या काळच्या प्रचलित रिवाजानुसार मूल जन्मतःच एक वर्षाचे धरले जाई आणि दर नववर्षदिनी सर्वांचे वय एकाने वाढे. यासुई डिसेंबरच्या मध्यावर जन्मले, म्हणजे पंधरवड्यानंतर, १ जानेवारी १९०४ रोजी, त्या हिशेबाने ते दोन वर्षांचे झाले. मृत्युसमयी त्यांचे वय आपल्या हिशेबाने ३८ आणि जुन्या हिशेबाने ४० भरते. जुन्या मासिकातील मृत्युलेखात चाळीस हा आकडा दिसला आणि आपण तो तसाच उचलला, तर जन्मवर्ष मागे सरकते आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून वय कधीही मूळ लेखातून उतरवून घेऊ नये. ते जन्मतारखेवरून स्वतः काढावे.

कालपटाचा खरा उपयोग कार्यकारणभाव तपासताना होतो. या काळाविषयीच्या लेखनात एक विधान वारंवार येते: १९३१ मध्ये जर्मनीहून आलेले फिरते आंतरराष्ट्रीय छायाचित्र प्रदर्शन जपानने पाहिले आणि जपानी छायाचित्रण बदलले. १९२९ मध्ये श्टुटगार्ट येथे भरलेल्या ‘फिल्म उंड फोटो’ या मोठ्या प्रदर्शनाचा छायाचित्र विभाग तेव्हा जपानमध्ये आला होता, आणि त्याचा प्रभाव मोठा होता यात शंका नाही. पण कालपट समोर ठेवा. ते प्रदर्शन एप्रिलमध्ये तोक्योत आणि जुलैमध्ये ओसाकात भरले. यासुईंनी मे दिनाच्या मोर्चाची आपली गाजलेली छायाचित्रे त्याच वर्षी १ मे रोजी काढली. म्हणजे ओसाकाच्या छायाचित्रकारांना ते प्रदर्शन आपल्या शहरात पाहायला मिळण्यापूर्वीच झेंडे, टोप्या आणि चेहरे यांची ती दाटी, तिरपी चौकट आणि अंगावर येणारी जवळीक यासुईंच्या निगेटिव्हवर उमटलेली होती. याचा अर्थ बाहेरचा प्रभाव नव्हताच असा नाही. ‘फोटो टाइम्स’सारखी मासिके १९३० च्या आसपास प्रयोगशील छायाचित्रकार मोहोली-नॉज आणि इतर युरोपीय छायाचित्रकारांचे काम छापत होती, आणि क्लबातील मंडळी ती मासिके बारकाईने वाचत. अर्थ एवढाच की, ‘प्रदर्शन पाहून बदलले’ हे सोपे वाक्य इथे लिहिता येत नाही. ‘मासिकांमधून आधीच परिचित झालेल्या वळणाला प्रदर्शनाने बळ दिले’ असे काहीसे लिहावे लागते. अशी दुरुस्ती छोटी दिसते, परंतु तिच्यामुळे चरित्रनायक परदेशी कल्पनांचा नुसता ग्राहक उरत नाही.

कालपटात शहरही यायला हवे. १९२३ च्या १ सप्टेंबरला झालेल्या महाभूकंपाने तोक्यो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाली. ओसाकाने १९२५ मध्ये आपल्या हद्दी वाढवल्या आणि लोकसंख्येत तोक्यो शहरालाही मागे टाकले. कारखाने, बंदर, कालवे आणि स्थलांतरित कामगार यांनी भरलेले हे ओसाका यासुईंच्या चित्रांचा विषय आहे, नुसती पार्श्वभूमी नव्हे. मे दिनाचे मोर्चे १९३६ पासून बंद करण्यात आले, ही नोंद शेजारी ठेवली म्हणजे १९३१ ची ती चित्रे किती थोड्या अवकाशात काढली गेली हेही लक्षात येते.

क्लब हे चरित्राचे अर्धे अंग

युरोपीय कलावंतांच्या चरित्रांवर पोसलेल्या वाचकाला एकटा झगडणारा प्रतिभावंत अपेक्षित असतो, आणि लेखकालाही तसा तो रंगवण्याचा मोह होतो. जपानच्या त्या पिढीला ही चौकट लागू पडत नाही. तिथे छायाचित्रकार क्लबचा सदस्य म्हणून घडत असे. क्लबच्या मासिक बैठकीत तो आपले प्रिंट मांडत असे, ज्येष्ठांकडून टीका ऐकत असे, वार्षिक प्रदर्शनात भाग घेत असे आणि सहलींना सगळ्यांबरोबर जात असे. एकाच जागी, एकाच दिवशी काढलेली निरनिराळ्या सदस्यांची चित्रे त्यामुळेच सापडतात.

यासुई १९२२ च्या सुमारास नानिवा छायाचित्र क्लबात दाखल झाले. १९०४ मध्ये ओसाकात स्थापन झालेला हा क्लब आजही चालू आहे. पुढे १९३० मध्ये उएदा बिझान यांच्या नेतृत्वाखाली ताम्पेई छायाचित्र क्लब सुरू झाला, आणि यासुई त्याच्या आधारस्तंभांपैकी एक बनले. या क्लबचे नाव औषधे विकणाऱ्या ताम्पेई या पेढीवरून आले. शिन्साईबाशी भागातील तिच्या इमारतीत क्लबच्या बैठका भरत. एकाच शहरात, एकमेकांत मिसळलेले सदस्य असलेले हे दोन क्लब, आणि त्यांच्यातून १९३७ मध्ये फुटून निघालेला अव्हाँगार्द (म्हणजे नवप्रयोगवादी) झोएई शुदान हा हानावा गिंगो, हिराई तेरुशिची प्रभृतींचा गट, यांचे नाते नीट उलगडले नाही तर ओसाकातील प्रयोगशीलतेचा नकाशाच तयार होत नाही.

म्हणून चरित्रनायकाची माहिती गोळा करताना त्याच्यापुरती वही न ठेवता क्लबची वही ठेवावी. कोणत्या वर्षी कोण सदस्य होते, कोणाचे प्रिंट कोणत्या प्रदर्शनात लागले, परीक्षक कोण होते, मासिकातील टिप्पणी कोणी लिहिली, हे सर्व एकाच ठिकाणी नोंदवावे. ‘हौशी’ या बिरुदाकडे कमीपणा म्हणून पाहू नये. कागदाचा व्यापारी, औषधविक्रेता, कंपनीतील नोकरदार अशी ही माणसे चित्रे विकून पोट भरत नव्हती, म्हणूनच ग्राहकाला आवडेल की नाही याची फिकीर न करता त्यांना वर्षानुवर्षे प्रयोग करता आले. व्यावसायिक स्टुडिओ आणि वृत्तपत्रे यांच्या बाहेर उभे राहिलेले हे स्वातंत्र्य आर्थिक होते, आणि चरित्रात ते आर्थिक भाषेतच सांगितले पाहिजे: घरचा धंदा काय होता, साहित्याचा खर्च कोठून निघत होता, सुटीचा दिवस कोणता होता.

क्लबांच्या नोंदींसाठी मासिके हा प्रमुख आधार आहे. १९२४ पासूनचे ‘फोटो टाइम्स’, १९२६ पासूनचे ‘असाही कॅमेरा’, आणि नोजिमा यासुझो, नाकायामा इवाता व किमुरा इहेई यांनी १९३२ मध्ये सुरू केलेले अल्पायुषी ‘कोगा’ ही नावे लक्षात ठेवावीत. ‘कोगा’च्या पहिल्याच अंकात इना नोबुओ यांनी छायाचित्रणाने चित्रकलेचे अनुकरण सोडून स्वतःच्या स्वभावाकडे परतावे अशी मागणी केली, तो लेख त्या पिढीच्या विचारांची किल्ली आहे. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात जुन्या मासिकांचा मोठा साठा असून त्यात शब्दशोधही करता येतो, मात्र जपानबाहेरून प्रत्येक पान उघडेलच असे नाही. तोक्यो छायाचित्र कलासंग्रहालयाचे ग्रंथालय, २०२२ मध्ये उघडलेले ओसाकाचे नाकानोशिमा कलासंग्रहालय, नागोया शहर कलासंग्रहालय आणि आशिया शहराचे कला व इतिहास संग्रहालय या संस्थांचे प्रदर्शनग्रंथ मिळवण्यात घातलेला वेळ कधीही वाया जात नाही. या ग्रंथांच्या अखेरीस असलेली सविस्तर जीवनसूची आणि लेखसूची हाच बहुतेक वेळा आपल्या संशोधनाचा पाया ठरतो.

प्रिंट पाहावा, नुसती प्रतिमा नव्हे

पडद्यावर दिसणारी प्रतिमा आणि संग्रहालयातील प्रिंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि चरित्रकाराला दुसरीशी कर्तव्य आहे. यासुईंच्या सुरुवातीच्या काळात जपानी हौशी छायाचित्रकारांमध्ये रंजकद्रव्यांच्या प्रक्रियांचे मोठे प्रस्थ होते. ब्रोमऑइल प्रक्रियेत आधी ब्रोमाइड कागदावर नेहमीसारखा प्रिंट काढतात, मग त्यातील चांदीची प्रतिमा रासायनिक द्रावणात उडवून जिलेटिनचा थर असा कठीण करतात की तो प्रतिमेच्या छटांनुसार कमी-जास्त पाणी शोषून घेईल, आणि मग ब्रशाने तेलकट शाई चढवतात. जिथे थर कमी फुगलेला असतो तिथे शाई जास्त धरते आणि गडद छटा तयार होते. अशा प्रिंटची दुसरी हुबेहूब प्रत निघत नाही, कारण प्रत्येक वेळी हात वेगळा चालतो. १९२५ च्या सुमाराची, माकडाच्या खेळाभोवती जमलेल्या लोकांची यासुईंची प्रतिमा पाहताना हा काळ आणि ही हातकारागिरी मनात असली पाहिजे. आणि तरीही विषय म्हणून त्यांनी निसर्गदृश्य न निवडता रस्त्यावरची गर्दी निवडली, हे तितकेच ठळकपणे नोंदवले पाहिजे. पुढच्या सगळ्या कामाचे बीज त्या निवडीत आहे.

१९३१ नंतरच्या कामासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात. मे दिनाच्या निगेटिव्हांवर यासुईंनी डार्करूममध्ये पुन्हा पुन्हा काम केले; कापछाट केली, काही वेळा एकाहून अधिक निगेटिव्ह जुळवली. ज्या चित्राकडे आपण रस्त्यावर टिपलेला क्षण म्हणून पाहतो, तो काही अंशी नंतर खोलीत बसून घडवलेला असतो. वस्तुनिष्ठ नोंद आणि रचना यांच्यात त्यांनी भिंत बांधली नाही, आणि ‘अर्ध-स्थिरचित्र’ या त्यांच्या कल्पनेत हीच गोष्ट पद्धतशीर रूप घेते. ती अशी: स्टुडिओत वस्तू मांडण्याऐवजी फिरायला गेलेल्या जागी सापडलेल्या वस्तूच थोड्या हलवायच्या, एकीजवळ दुसरी आणायची, आणि तिथल्याच प्रकाशात त्यांचे चित्र घ्यायचे. त्यात शोधणेही आहे आणि मांडणेही. १९३४ चे पतंगाचे चित्र, १९३५ चा पिंजऱ्याआडचा कुत्रा, १९३९ मधील चुंबकाभोवतीच्या लोखंडी किसाची प्रतिमा ही एकामागोमाग पाहत गेल्यास, जिवंत आणि निर्जीव यांच्याकडे सारख्याच एकाग्रतेने पाहणारी एक नजर ओळखू येऊ लागते. तिचे वर्णन चरित्रकाराने स्वतःच्या शब्दांत, प्रत्यक्ष चित्रासमोर बसून करावे. ‘अतियथार्थवादी’ (सर्रिअलिस्ट, म्हणजे स्वप्न आणि अबोध मन यांतून प्रतिमा घडवणाऱ्या युरोपीय चळवळीतला) असा शिक्का मारून पुढे जाऊ नये. तो शिक्का यामामोतो कान्सुके यांच्या कामाला शोभतो, कारण त्यांनी त्या चळवळीशी जाणीवपूर्वक नाते जोडले होते. यासुईंना तो घट्ट बसत नाही.

प्रत्येक चित्राची नोंद करताना छायाचित्र कधी घेतले, हाती असलेला प्रिंट कधी काढला, तो कोणत्या प्रक्रियेचा आहे, आकार किती आहे, आणि शीर्षक छायाचित्रकाराने दिले की नंतरच्या संपादकाने, या पाच बाबी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. जुने प्रिंट आणि उरलेल्या निगेटिव्हांवरून अलीकडे काढलेले प्रिंट एकाच प्रदर्शनात शेजारी लागतात. नव्या प्रिंटचा काळेपणा, चकाकी आणि आकार हे छायाचित्रकाराचे निर्णय नसतात. ते गृहीत धरून त्याच्या स्वभावाविषयी अनुमान काढणे हा या क्षेत्रातला सर्वांत सामान्य दोष आहे.

युद्धाकडे जाणारी वर्षे

चरित्राचा सर्वांत कठीण भाग हाच आहे, आणि इथे घाई करू नये. १९२५ चा शांतता संरक्षण कायदा, १९३७ मध्ये कडक केलेला लष्करी गुपितांचा कायदा, १९३८ चा युद्धासाठी राष्ट्रीय साधनसामग्रीच्या जमवाजमवीचा कायदा ही चौकट आधी समजून घ्यावी. तिचा परिणाम छायाचित्रकारांवर कसा झाला, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नागोयात सापडते. यामामोतो कान्सुके १९३८ पासून ‘योरु नो फुन्सुई’ म्हणजे ‘रात्रीचे कारंजे’ हे अतियथार्थवादी नियतकालिक काढत होते. १९३९ मध्ये विशेष उच्च पोलिसांनी, म्हणजे राजकीय विचारांवर पाळत ठेवणाऱ्या पोलिसांनी, त्यांची चौकशी केली आणि चार अंकांनंतर ते बंद पडले. १९४० मध्ये त्यांनी पक्ष्याच्या पिंजऱ्यात टेलिफोन ठेवून काढलेले चित्र आज कोंडलेल्या आवाजाचे प्रतीक म्हणून वाचले जाते. हे वाचन पटण्यासारखे आहे. तरी चरित्रात चौकशी ही घटना म्हणून आणि पिंजऱ्याचा अर्थ हे वाचन म्हणून, असे दोन वेगळ्या वाक्यांत लिहावे, म्हणजे वाचकाला कुठे पुरावा संपतो आणि कुठे विवेचन सुरू होते ते कळते. तोक्योतील कवी-समीक्षक ताकिगुची शूझो, ज्यांनी १९३८ मध्ये प्रयोगशील छायाचित्रकारांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला होता, त्यांना चित्रकार फुकुझावा इचिरो यांच्यासह मार्च १९४१ मध्ये अटक झाली आणि महिनोन्‌महिने कोठडीत ठेवण्यात आले. गटांनी आपल्या नावांतून ‘अव्हाँगार्द’ हा शब्द काढून टाकला होता, तो याच वातावरणात.

त्याच मार्च महिन्यात यासुई आणि ताम्पेई क्लबचे काही सदस्य कोबेमध्ये ज्यू निर्वासितांची छायाचित्रे काढत होते. लिथुआनियातील कौनास येथे १९४० च्या उन्हाळ्यात जपानी उपवाणिज्यदूत सुगिहारा चिउने यांनी दोन हजारांहून अधिक प्रवासी व्हिसा दिले. त्या आधारे युरोपातून सुटलेली माणसे सैबेरिया ओलांडून त्सुरुगा बंदरात उतरली आणि कोबेत येऊन पुढच्या देशाच्या परवानगीची वाट पाहत राहिली. क्लबच्या सहा सदस्यांनी त्यांची छायाचित्रे काढली, आणि त्याच वर्षी ती ‘रुबो युदाया’, म्हणजे ‘परागंदा ज्यू’, या मालिकेच्या रूपाने प्रदर्शित झाली. या सहाजणांत शिइहारा ओसामू होते, आणि पुढे चित्रकथाकार म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या तेझुका ओसामू यांचे वडील तेझुका युताकाही होते. यासुईंच्या चित्रांतील खिडकीतला माणूस नुसता पाहतो आहे. त्याच्या थांबण्यालाच चित्रात जागा मिळाली आहे.

या मालिकेविषयी लिहिताना दोन टोके टाळावीत. जपानने २७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनी आणि इटली यांच्याशी करार केलेला असताना ही चित्रे उघडपणे लावली गेली, म्हणून ती प्रतिकाराची कृती होती, असे लिहिणे सोपे आहे. पण तसा दावा करायला छायाचित्रकारांच्या स्वतःच्या शब्दांतला पुरावा लागतो. उलट, ही केवळ क्लबची एक सहल होती आणि परदेशी चेहरे हे त्यांना निव्वळ नवे विषय होते, असे म्हणणेही चित्रांवर अन्याय करणारे आहे. मला योग्य वाटणारी वाट अशी की, १९३० च्या दशकापासून यासुईंनी समाजाच्या कडेला असलेल्या माणसांकडे, कामगारांकडे, कोरियन वस्तीतल्या रहिवाशांकडे, सर्कशीतल्या कलावंतांकडे कसे पाहिले हे आधी दाखवावे आणि मग कोबेची चित्रे त्या सलग धाग्यात ठेवावीत. असे केल्यास राजकीय अर्थ ओढूनताणून आणावा लागत नाही. तो नजरेच्या सातत्यातून दिसतो.

आणि प्रामाणिक चरित्राने दुसरी बाजूही दाखवली पाहिजे. कोइशी कियोशी यांच्यासारख्या प्रयोगशील छायाचित्रकाराला १९३८ मध्ये चीनमधील युद्धभूमीवर छायाचित्रणासाठी पाठवण्यात आले, आणि त्याच अनुभवाच्या सामग्रीतून १९४० ची ‘हान सेकाई’ म्हणजे ‘अर्धे जग’ ही विलक्षण अस्वस्थ मालिका आली. किमुरा इहेईंसह अनेकांनी सरकारी आणि लष्करी प्रचाराच्या प्रकाशनांसाठी काम केले. आपल्या नायकाने अशा कामात भाग घेतला असेल तर तारीख, प्रकाशन आणि कामाचे स्वरूप देऊन ते लिहावे. विशेषणे लावू नयेत आणि सबबी तर अजिबात देऊ नयेत. त्याने भाग घेतला नसेल, तर त्यामागे धैर्य होते की आजारपण, वय, व्यवसाय यांसारखी परिस्थिती होती, हे पुराव्याशिवाय ठरवू नये.

शेवटचे प्रकरण मृत्यूनंतरचे

यासुईंनी १९४१ मध्ये ओसाकात छायाचित्रणाचा विकास आणि त्याची कलात्मक रूपे या विषयावर व्याख्यान दिले. काही महिन्यांतच ते गेले. मित्रांनी १९४२ मध्येच त्यांचा छायाचित्रसंग्रह काढला. कागदाची आणि साहित्याची टंचाई वाढत होती, ‘असाही कॅमेरा’ही त्याच वर्षी बंद पडले, अशा काळात हा संग्रह निघाला हे क्लबच्या निष्ठेचे मोठे प्रमाण आहे, आणि चरित्रात त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यायला हवा. मार्च १९४५ पासून ओसाकावर झालेल्या हवाई हल्ल्यांत घरे, दुकाने आणि त्यांच्यासोबत असंख्य संग्रह जळाले. युद्धानंतर वास्तववादी छायाचित्रणाचा जोर वाढला आणि क्लबांतील प्रयोगशील काम दीर्घकाळ मागे पडले. मोरियामा दाईदो यांच्यासारख्या पुढच्या पिढीतील छायाचित्रकारांनी यासुईंविषयी व्यक्त केलेला आदर, २००४ चे मोठे पूर्वलक्षी प्रदर्शन, आणि जन्माच्या १२० व्या वर्षानिमित्त २०२३–२४ मध्ये आइची, ह्योगो व तोक्यो येथे भरलेले प्रदर्शन हे पुनर्शोधाचे टप्पे आहेत. यामामोतोंच्या बाबतीत २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात छायाचित्रकार हामाया हिरोशी यांच्यासह झालेले प्रदर्शन हा असा टप्पा होता. कोणत्या चित्रांना पुनर्शोधात स्थान मिळाले आणि कोणती मागेच राहिली हे तपासल्याशिवाय, आज आपल्याला ‘प्रमुख’ वाटणारी चित्रे त्या काळीही प्रमुख होती का, याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी जुन्या प्रदर्शनयाद्या पुन्हा उघडाव्या लागतात.

चित्रे छापायची असतील तर परवानगीचे दोन भाग लक्षात घ्यावेत. जपानच्या जुन्या कायद्यात छायाचित्रांना अल्पकाळाचेच संरक्षण होते, त्यामुळे १९५६ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेली जपानी छायाचित्रे जपानमध्ये आता स्वामित्वमुक्त मानली जातात. यासुई १९४२ मध्ये निवर्तले असल्याने त्यांचे लेखनही तिथे मुक्त आहे. पण संग्रहालयाने काढलेल्या प्रतिमेची फाइल वापरायची तर त्या संस्थेच्या अटी वेगळ्या लागू होतात, आणि जिथे प्रकाशन होणार त्या देशाचा कायदाही पाहावा लागतो. पत्रव्यवहार लेखन सुरू असतानाच करावा; उत्तराला वेळ लागतो, आणि एखाद्या चित्राला परवानगी न मिळाल्यास त्यावर बेतलेला परिच्छेद पुन्हा लिहावा लागतो.

नावे लिहिताना जपानी पद्धतीने आधी आडनाव आणि मग व्यक्तिनाव हा क्रम पहिल्या पानापासून अखेरपर्यंत एकसारखा ठेवावा, आणि उच्चार संग्रहालयाच्या अधिकृत सूचीवरून पडताळावा, कारण तीच चित्राक्षरे एकाहून अधिक तऱ्हांनी वाचली जातात. चित्राखालच्या ओळीत जपानी शीर्षकाचा उच्चार, मराठी अर्थ, छायाचित्र घेतल्याचे वर्ष, प्रिंटचे वर्ष वेगळे असल्यास तेही, प्रक्रिया आणि संग्रह हा क्रम ठरवून घ्यावा, आणि वर्ष अंदाजे असेल तर ‘सुमारे’ हा शब्द तिथे न चुकता छापावा.